आम्लाच्या टाकीवर बिनतारी सेन्सर बसवताना

केमिकलच्या टाक्यांवर बिनतारी लेव्हल सेन्सर बसवायचे म्हटले की चौकशी सुरू होते ती रेंजची आणि बॅटरीच्या आयुष्याची. माझ्या मते त्याआधी एक हिशेब करायला हवा: टँकर रिकामा होत असताना आपल्या टाकीतली पातळी मिनिटाला किती सेंटिमीटर चढते?

३०-३३ टक्के हायड्रोक्लोरिक आम्लाची एफआरपीची (काचतंतू आणि रेझिनची) टाकी घेऊ. व्यास ३ मीटर, म्हणजे क्षेत्रफळ ७.०७ चौरस मीटर. अनलोडिंग पंप तासाला २० घनमीटर देत असेल तर पातळी मिनिटाला ४.७ सेंटिमीटर चढते. सेन्सर दर १५ मिनिटांनी रीडिंग पाठवत असेल, तर दोन रीडिंगांच्या मध्ये ७० सेंटिमीटर आम्ल आत आलेलं असतं. हाय अलार्म आणि ओव्हरफ्लो नोझल यांत ३० सेंटिमीटर ठेवले असतील, तर अलार्मच्या आधी आम्ल बाहेर पडू शकतं. रीडिंग दर मिनिटाला येत असेल, तर ३० सेंटिमीटर भरायला लागणारी साधारण सहा मिनिटं हाताशी असतात. त्यातलं एक पुढच्या रीडिंगची वाट बघण्यात जाऊ शकतं, उरलेल्यात ऑपरेटरने पंपापर्यंत पोचायचं.

दर मिनिटाला रीडिंग म्हणजे बॅटरी लवकर संपणार, हे खरं आहे. म्हणून एरवी १५ मिनिटं आणि अनलोडिंग सुरू झालं की ३० सेकंद, असे दोन वेग देणारा सेन्सर घ्यावा. ते जमत नसेल आणि टाकीजवळ २४ व्होल्टची लाइन असेल, तर वीज तारेने द्या आणि फक्त सिग्नल बिनतारी ठेवा. त्यात काही कमीपणा नाही.

पण वेग कितीही वाढवला तरी पंप बंद करायचं काम बिनतारी सेन्सरवर सोपवू नका. त्यासाठी वेगळा हाय-हाय स्विच (हाय अलार्मच्याही वरच्या पातळीला चालणारा) हवा, हायड्रोक्लोरिकला चालेल असा पीपीचा (पॉलिप्रॉपिलीनचा) फ्लोट किंवा लेप दिलेला ट्यूनिंग फोर्क (द्रव लागला की ज्याचं कंपन बदलतं असा काटा). तो तारेने थेट पंपाच्या स्टार्टरला जोडायचा आणि तार तुटली तर पंप बंद पडेल अशीच जोडणी करायची. टँकरवाला स्वतःच्या पंपाने किंवा काँप्रेस्ड एअरने माल ढकलत असेल तर आपला पंप ट्रिप करून काही उपयोग नाही. तिथे इनलेट लाइनवर स्प्रिंगने बंद होणारा व्हॉल्व्ह लागतो.

हा स्विच वेगळा का, याचं उत्तर इंग्लंडमधल्या बन्सफील्डच्या तेल डेपोत मिळतं. ११ डिसेंबर २००५ च्या पहाटे ९१२ नंबरच्या टाकीत पेट्रोल भरलं जात होतं. तीनच्या सुमारास लेव्हल गेज एका आकड्यावर अडकला, पेट्रोल मात्र येतच राहिलं. स्वतंत्र हाय-लेव्हल स्विच होता, पण तो काम करण्याच्या स्थितीत नव्हता. सहा वाजून एक मिनिटाने स्फोट झाला. ते गेज बिनतारी नव्हतं, तरी बिनतारी सेन्सरचं अपयश पडद्यावर नेमकं असंच दिसतं. संपर्क तुटला तरी स्क्रीनवर शेवटचा आकडा तसाच राहतो आणि, समजा, २.८५ मीटर बघून ऑपरेटर निश्चिंत होतो. यावर दोन अलार्म लावा. सलग तीन रीडिंग आली नाहीत तर आकडा स्क्रीनवरून काढून अलार्म द्यायचा. आणि पंप चालू असूनही पातळी दोन-तीन मिनिटं हलली नाही, तरी अलार्म द्यायचा. त्यासाठी पंप चालू असल्याचा सिग्नल पॅनलमध्ये आणावा लागतो. माझ्या मते हा दुसरा अलार्म सगळ्यांत मोलाचा आहे आणि तोच बहुधा राहून जातो.

आता सेन्सर कोणता. अल्ट्रासॉनिक स्वस्त पडतो, म्हणून हायड्रोक्लोरिकच्या टाकीवरही बसवला जातो. टाकीतल्या मोकळ्या जागेत आम्लाची वाफ भरलेली असते आणि हायड्रोजन क्लोराइडमध्ये आवाजाचा वेग हवेपेक्षा कमी असतो. प्रतिध्वनी उशिरा परत येतो, सेन्सरला द्रव लांब वाटतो, आणि पातळी खऱ्यापेक्षा कमी दिसते. म्हणजे चूक नेमकी धोक्याच्या बाजूला होते. रडारला वाफेचा असा त्रास होत नाही. ८० गिगाहर्ट्झचा रडार घ्यावा, आम्लाकडची बाजू पीटीएफईची (टेफ्लॉनची) असावी. प्लॅस्टिकच्या टाकीवर तो छताच्या बाहेरूनही बसवता येतो, पण मग वर हूड घाला. कोकणातल्या पावसात छतावर पाण्याचा थर साचला की रीडिंग उड्या मारतं.

टाकीचा व्हेंट (हवा-वाफ बाहेर जाण्याची वाट) स्क्रबरला, म्हणजे आम्लाची वाफ धुऊन काढणाऱ्या यंत्रणेला, जोडलेला असेल तर त्यावर मिलिमीटर वॉटर कॉलममध्ये मोजणारा प्रेशर सेन्सर लावतात. लाइन हळूहळू चोंदत असेल तर ते त्यात दिसतं. पण काँप्रेस्ड एअरने टँकर संपत आला की हवेचा लोट एकदम टाकीत घुसतो, आणि तो काही सेकंदांचा खेळ असतो. मिनिटाला एकदा मोजणाऱ्या सेन्सरला तो सापडणारच नाही. एफआरपीची टाकी तिथे वाचते ती पुरेशा मोठ्या व्हेंटमुळे.

तापमानाचा सेन्सर एकच असेल तर तो कुठे आहे हे तपासा. विशाखापट्टणमला ७ मे २०२० रोजी स्टायरिनची वाफ बाहेर पडली, त्या टाकीत तापमान मोजलं जात होतं ते तळाजवळ, आणि तापला होता वरचा थर. स्टायरिनसारखं आपोआप पॉलिमर होणारं (रेणू एकमेकांना जुळत जाऊन तापणारं) काही साठवत असाल तर तळ, मध्य आणि वर असे तीन बिंदू मोजा.

नेटवर्कबद्दल थोडक्यात. वायरलेसहार्ट (औद्योगिक सेन्सरांचं बिनतारी नेटवर्क, ज्यात सेन्सर एकमेकांमार्फत सिग्नल पुढे पाठवतात) २.४ गिगाहर्ट्झवर चालतं आणि स्टीलच्या टाक्या तो सिग्नल अडवतात. प्रत्येक सेन्सरला किमान तीन शेजारी दिसावेत आणि एकूण सेन्सरांपैकी चौथा हिस्सा तरी थेट गेटवेला (सगळे सिग्नल गोळा करणाऱ्या उपकरणाला) जोडलेला असावा. अँटेना उभा आणि मोठ्या लोखंडी पृष्ठभागापासून अर्धा मीटर दूर. चाचणी रिकाम्या यार्डात घेऊ नका; टँकर अनलोडिंग बेवर उभा असताना घ्या, कारण सेन्सरची गरज तेव्हाच असते.

बॅटरी बहुतेक ३.६ व्होल्टची लिथियम थायोनिल क्लोराइड असते. तिचा व्होल्टेज शेवटपर्यंत जवळजवळ सपाट राहतो आणि मग एकदम कोसळतो, त्यामुळे व्होल्टेज बघून उरलेलं आयुष्य कळत नाही. बसवल्याची तारीख सेन्सरवर लिहा आणि ठरल्या मुदतीत बदला. मिथेनॉल, टोल्युइनसारख्या ज्वलनशील द्रवाच्या टाकीवर सेन्सर त्या झोनसाठी (स्फोटक वाफेच्या धोक्याच्या विभागासाठी) पेसोची (स्फोटकं आणि ज्वलनशील पदार्थांच्या सुरक्षेच्या केंद्रीय संस्थेची) मान्यता असलेलाच हवा, बॅटरी पॅकही उत्पादकाने सांगितलेलाच. बाजारातला सेल बसत असला तरी घालू नका.

शेवटी डाइक, म्हणजे टाकीभोवतीचा बंधारा. त्यातल्या सम्पमध्ये (पाणी साचणाऱ्या खड्ड्यात) गळती ओळखणारा सेन्सर ठेवतात. तो फक्त ओल ओळखणारा असेल तर जूनपासून रोज वाजेल आणि आठवड्याभरात कोणीतरी तो बंद करेल. सम्पमध्ये दोन गोष्टी मोजा, पाण्याची पातळी आणि कंडक्टिव्हिटी. पावसाच्या पाण्याची कंडक्टिव्हिटी अगदी कमी असते, आम्ल मिसळलं की ती कित्येक पटींनी वाढते. पीएच इलेक्ट्रोड इथे टिकत नाही, कोरड्या महिन्यांत सुकून जातो. पातळीचा अलार्म आला आणि कंडक्टिव्हिटी कमी असली, तर आधी पीएच पेपरने पाणी तपासायचं, मगच ड्रेन व्हॉल्व्ह उघडायचा आणि सम्प रिकामा होताच परत बंद करून कुलूप लावायचं.