तुम्ही विचारलंत म्हणून: टॅरो रीडरकडे सर्टिफिकेट असावं का?

मी टॅरोची चित्रकार्डं मांडून लोकांच्या प्रश्नांवर बोलते, म्हणजे रीडिंग करते. अपॉइंटमेंटसाठी फोन करणारे बरेच जण फी विचारून झाली की जरा अडखळत विचारतात, "तुम्ही रीतसर शिकला आहात ना? सर्टिफिकेट वगैरे आहे ना?" शिकायला येणारी मंडळी तेच दुसऱ्या बाजूनं विचारतात, "कोर्स न करता लोकांची रीडिंग्ज केली तर चालेल का?"

माझ्याकडे सर्टिफिकेट आहे. ते कपाटात आहे. भिंतीवरून ते कपाटात का गेलं, हे सांगितल्याशिवाय तुमच्या प्रश्नाला मला खरं उत्तर देता येणार नाही.

आधी कोर्सबद्दल, कारण त्यानं माझं भलंच केलं. त्याआधी मी एकटीच पुस्तकं घेऊन बसायचे आणि सतत गोंधळायचे. एका पुस्तकात 'स्ट्रेंग्थ' हे कार्ड आठव्या क्रमांकावर, 'जस्टिस' अकराव्या. दुसऱ्यात नेमकं उलट. मला ती छपाईची चूक वाटायची. कोर्समध्ये कळलं, की जुन्या फ्रेंच पद्धतीच्या मार्सेय डेकमध्ये, म्हणजे कार्डांच्या संचात, जस्टिस आठवं असतं आणि १९०९ च्या रायडर-वेट डेकमध्ये त्या दोघांची अदलाबदल झाली. मार्सेयच्या मायनर अर्कानाच्या, म्हणजे पत्त्यांसारख्या चार रंगांत विभागलेल्या कार्डांपैकी साध्या आकड्यांच्या कार्डांवर तर माणसं, प्रसंग काहीच नसतं, नुसते मांडलेले पेले नाहीतर तलवारी. त्यामुळे दोन चांगले शिक्षक एकाच कार्डाचा वेगवेगळा अर्थ शिकवू शकतात आणि दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात. उलटं आलेलं कार्ड वेगळं वाचायचंच नाही, असं मानणारेही उत्तम रीडर मी पाहिलेत. अशा विद्येची सगळ्यांना मान्य होईल अशी परीक्षा कोण घेणार? सर्टिफिकेट देणारा त्याच्या परंपरेपुरतं देतो.

मुळाशी जाऊन अधिकार शोधावा, तर तिथंही तो सापडत नाही. पंधराव्या शतकात उत्तर इटलीत ही कार्डं निघाली ती खेळायला. १७८१ मध्ये कूर द जेबलां या फ्रेंच पंडितानं लिहिलं, की हा प्राचीन इजिप्तच्या ज्ञानाचा ग्रंथ आहे. त्या काळी इजिप्तची चित्रलिपी कुणालाच वाचता येत नव्हती. शांपोलियों या फ्रेंच अभ्यासकानं ती उलगडली १८२२ मध्ये. जेबलां मोठा व्यासंगी माणूस, पण त्याच्या दाव्याला पुरावा कधी मिळाला नाही. आणि रायडर-वेटची चित्रं काढणारी पामेला कोलमन स्मिथ कलाशिक्षणाची पदवी न घेताच न्यूयॉर्कच्या प्रॅट इन्स्टिट्यूटमधून बाहेर पडली होती. आज जगभरातले किती नवशिके तिच्याच चित्रांवरून कार्डं ओळखायला शिकतात! त्या डेकच्या नावात मात्र तिचं नाव कित्येक वर्षं नव्हतं, याचं मला अजून वाईट वाटतं.

आता ती भिंत. कोर्स संपून वर्षही झालं नव्हतं. सर्टिफिकेट फ्रेम करून मी बसते त्या खुर्चीच्या मागे लावलं होतं, समोरच्याला सरळ दिसेल असं. एक बाई आल्या. नवऱ्याच्या बायोप्सीचा रिपोर्ट दोन दिवसांनी यायचा होता. "चांगला येईल ना?" एवढंच त्यांना हवं होतं. मी तीन कार्डं मांडली. शेवटचं 'सन' आलं, सुलट, म्हणजे आनंदाचं मानलं जाणारं कार्ड. मला त्यांच्याइतकाच आनंद झाला आणि मी म्हटलं, "काळजी करू नका, सगळं ठीक होईल."

रिपोर्ट वाईट आला.

काही आठवड्यांनी त्या परत आल्या. भांडायला आल्या नव्हत्या. शांतपणे म्हणाल्या, "तुमच्यामागचं सर्टिफिकेट बघून मी निर्धास्त झाले. बहीण येणार होती सोबतीला, तिला मीच सांगितलं येऊ नकोस म्हणून. दवाखान्यात आम्ही दोघंच होतो." त्या कागदावर माझं नाव होतं, तारीख होती, श्रेणी होती. त्याच्या जोरावर मी ७८ कार्डांचे अर्थ सांगू शकत होते. पण हा प्रश्न कार्डांपुढे ठेवूच नये, हे मला कुठल्याच रविवारच्या वर्गात कुणी सांगितलं नव्हतं, आणि माझ्याही मनात आलं नव्हतं. दोष माझाच होता. त्या संध्याकाळी मी फ्रेम उतरवली.

त्यानंतर मी एका वयस्कर रीडरबाईंकडे जाऊन बसू लागले. त्यांना आम्ही सगळे ताई म्हणायचो. त्यांच्याकडे कुठलाच कागद नव्हता. क्लायंटची परवानगी घेऊन त्या मला कोपऱ्यात बसू द्यायच्या. पहिले काही दिवस मी कार्डंच बघत होते. मग लक्षात आलं, की पत्ते पिसायला घेण्याआधीच ताईंचं निम्मं काम झालेलं असायचं. "तो परत येईल का?" असं कुणी विचारलं, की त्या म्हणायच्या, "त्याचं मन मला इथून दिसत नाही. तुम्ही किती दिवस वाट बघणार आहात, त्यावर बोलू या का?" आजार, गरोदरपण, मरण, कोर्टाचा निकाल, यातलं काही आलं की डेक बाजूला ठेवायच्या. एक मुलगी तोच प्रश्न घेऊन आठवड्यात तिसऱ्यांदा आली, तेव्हा ताईंनी तिला चहा दिला, तासभर तिचं ऐकलं आणि पैसे न घेता परत पाठवलं. जाताना तिच्या हातात समुपदेशकाचा नंबर होता. हृदयात तीन तलवारी घुसलेलं 'थ्री ऑफ सोर्ड्स' निघाल्यावर समोरच्याचा चेहरा उतरतो, तेव्हा लगेच काहीतरी गोड बोलायची घाई करायची नाही, हेही मी तिथंच शिकले. ते जमायला मला कोर्सपेक्षा कितीतरी जास्त वेळ लागला.

म्हणून शिकणाऱ्यांना सांगते: कोर्स जरूर करा, पण आधी शिक्षकांना विचारा, कुठल्या प्रश्नांना नाही म्हणायचं हे शिकवता का? उत्तर देताना ते घुटमळले, तर दुसरे शिक्षक शोधा. आणि कुणाच्या तरी शेजारी बसून बघायला मिळालं, तर ती संधी सोडू नका.

तुम्ही रीडिंगसाठी येणार असाल, तर सर्टिफिकेट मागा. मी कपाटातून काढून दाखवीन. त्याबरोबर मी काय बघत नाही तेही सांगेन, कार्डं हातात घेण्याआधी. काही जण ते ऐकून उठून जातात. मागच्या महिन्यात एक गृहस्थ असेच उठले, आईच्या ऑपरेशनचं विचारायला आले होते. दारापर्यंत सोडायला गेले, तेव्हा मी त्यांना एवढंच विचारलं, की त्या दिवशी दवाखान्यात तुमच्यासोबत कोण असणार आहे?