सातशे मिलिलिटरचा कॅमेरा

गेल्या वर्षी एका दुपारी सुई शोधत असताना कपाटाच्या तळाच्या खणात फिल्म रोलची काळी डबी हाती लागली. करड्या झाकणाची ही डबी ज्यांच्या घरात एके काळी होती, त्यांना तिच्यात काय असणार हे सांगावे लागत नाही: चार सुया, एकमेकांशी न जुळणारी बटणे, एखादी सेफ्टी पिन आणि घरातल्या कोणत्याही कुलपाला न लागणारी एक किल्ली. मला सुई हवी होती आणि ती मिळालीही; पण झाकण उघडताना जो ‘टप्’ असा आवाज झाला, त्याने पुढची दुपार गिळली. सुई खुर्चीच्या हातावर ठेवली, शर्टाचे बटण तसेच लोंबत राहिले आणि रोज सोबत बाळगता येईल असा जुना रोलचा एसएलआर, म्हणजे लेन्समधले दृश्य आरशावरून डोळ्याला दाखवणारा, कॅमेरा कोणता घ्यावा, या जुन्याच विचारात मी नव्याने पडलो.

‘रोज सोबत’ ही अट या निवडीत सर्वांत अवघड आहे. कपाटात ठेवण्यासाठी कोणताही कॅमेरा चालतो. किंबहुना जितका अवजड आणि पितळी, तितका तो काचेआड शोभून दिसतो. खांद्यावरून रोज न्यायच्या कॅमेऱ्याबाबत मात्र खांद्याचे मत घ्यावे लागते, आणि खांदा भीडभाड ठेवत नाही. पहिल्या आठवड्यात तो उत्साहाने ओझे वाहतो, दुसऱ्या आठवड्यात कुरकुरतो आणि तिसऱ्या आठवड्यात कॅमेरा घरी राहतो. त्यानंतर जे काही टिपण्यासारखे घडते, ते नेमके तिसऱ्या आठवड्यात घडते.

माझ्या मनातला कॅमेऱ्याचा आकार ठरला तो मामाच्या झेनिट-ईमुळे. सोव्हिएत बनावटीचा हा कॅमेरा हातात घेतला की एखादे अवजार घेतल्यासारखे वाटे. लेन्सच्या वर मधमाश्यांच्या पोळ्यासारखी खडबडीत पारदर्शक पट्टी होती. तिच्यामागच्या सेलेनियमवर उजेड पडला की माथ्यावरच्या छोट्या खिडकीतला उजेड मोजणारा काटा कोणत्याही सेलशिवाय हलायचा आणि आम्ही मुले त्या पट्टीवर हात धरून काट्याला झोपवायचो, हात काढून उठवायचो. शटरचे वेग पाचच, सेकंदाच्या १/३० भागापासून १/५०० पर्यंत. लेन्सवर ॲपर्चरच्या, म्हणजे उजेड आत सोडणाऱ्या छिद्राच्या, दोन कड्या होत्या, कारण फोकस करताना लेन्स पूर्ण उघडी ठेवायची आणि फोटो काढण्याआधी ती आपल्या हाताने आवळायची, हे काम तो कॅमेरा माणसावर सोपवी. मामा फोकस करून कडी फिरवायला विसरला की नंतर फोटोत सगळे जण पांढरेफटक, धुण्यात रंग गेल्यासारखे उमटत. प्रत्येक रोलमागे प्रत्येक मुलाला एक फोटो काढायला मिळे. गळ्यात पट्टा अडकवून मामा मागे उभा राहायचा आणि म्हणायचा, “एकच हं. श्वास रोख, मग दाब.” मी आजही कोणत्याही यंत्राचे बटण दाबताना श्वास रोखतो, मग ते लिफ्टचे का असेना.

त्या कॅमेऱ्याने आमच्या घराण्याचा एक आख्खा दिवस टिपलाच नाही. सगळे नातलग एकत्र जमले होते आणि पुन्हा असे जमणे कठीण आहे हे मोठ्यांना ठाऊक असावे, कारण त्या दिवशी कोणीही फोटोला नकार दिला नाही. एरवी तोंड लपवणारी आजीसुद्धा पदर सारखा करून बसली. मामाने खिंड लढवावी तसे फोटो काढले. छत्तीस झाले, मोजणीची चकती पुढे सरकली. सदतीस झाले, अडतीस झाले. “बरकतीचा रोल लागलाय!” असे तो चाळिसाव्या फोटोला म्हणाला, आणि तेव्हाच त्याच्या चेहऱ्यावरचे हसू थोडे सैल झाले. रोल संपला की तो पुढे सरकवण्याचा खटका ओढताना हाताला जो अडथळा लागतो, तो लागतच नव्हता. संध्याकाळी मला बरोबर घेऊन तो रजईखाली शिरला आणि त्या गुदमरत्या अंधारात त्याने कॅमेऱ्याची पाठ उघडली. फिल्मचे टोक फिरकीच्या खाचेत अडकलेच नव्हते. रोल सकाळी जिथे होता तिथेच, जसाच्या तसा होता. हे त्याच्या बोटांना कळले आणि त्याचा श्वास थांबल्यावरून मला कळले. बऱ्याच वेळाने तो अंधारातच म्हणाला, “कुणाला बोलू नकोस.” बाहेर आल्यावर रोलला उजेड लागला असे जाहीर झाले आणि उजेडावर कोणी रागावू शकत नसल्यामुळे ते प्रकरण तिथेच मिटले.

तेव्हापासून मला एक खोड जडली आहे. रोल भरला की खटका ओढताना मी समोर न पाहता डावीकडे, रोल परत गुंडाळण्याच्या चकतीकडे पाहतो. फिल्म खरोखर पुढे सरकत असेल तर ती चकती आपोआप उलटी फिरते. दर फोटोनंतर मी हे पाहतो. दाखवणारी माणसे मला जुन्या कॅमेऱ्याची लेन्स दाखवतात, आरसा दाखवतात, शटरचे कापड दाखवतात आणि मी मात्र त्या चकतीला बोट लावून बसलेला असतो.

अशा माणसाने कॅमेरा निवडायचा म्हणजे यादी तशी लांबते आणि तशीच झपाट्याने आखडतेही. पेंटॅक्स के१००० हा १९७६ ते १९९७ अशी २१ वर्षे तयार होत राहिलेला, खेचरासारखा कामसू कॅमेरा. पण त्याच्या उजेड मोजणाऱ्या मीटरला चालू-बंदचा खटकाच नाही. ते मीटर अंधारातच विसावते, म्हणून लेन्सला सतत टोपण घालून ठेवावे लागते, आणि टोपणे हरवण्यात माझा हात धरणारा कोणी नाही. कॅनन एई-१ देखणा आणि सोयीचा आहे, परंतु सेल संपला की त्याचे शटर उघडतच नाही. वय झाल्यावर आरशाच्या यंत्रणेतले वंगण सुकून अनेक एई-१ दर फोटोला खोकल्यासारखा आवाज काढतात, तो ऐकून मला त्यांना पाणी द्यावेसे वाटते. निकॉन एफएम२ ला नाव ठेवायला जागा नाही. १९८२ साली सेकंदाच्या चार हजाराव्या भागापर्यंत पोहोचलेले त्याचे शटर संपूर्ण यांत्रिक, सेल लागतो तो केवळ मीटरला. पण फोटो काढताना त्याचा रोल सरकवण्याचा खटका जरासा बाहेर ओढून ठेवावा लागतो आणि मी डाव्या डोळ्याने पाहणारा असल्यामुळे ते टोक माझ्या उजव्या डोळ्याच्या रोखाने येते. यात दोष कॅमेऱ्याचा नाही, माझ्या डोळ्यांच्या आपसातल्या वाटपाचा आहे.

शेवटी उरला ऑलिंपस ओएम-१. एसएलआर म्हणजे वीट, हे गृहीत धरण्याच्या काळात योशिहिसा माइतानी या अभियंत्याने तो लहान आणि हलका करण्याचा ध्यास घेतला. १९७२ साली तो ‘एम-१’ या नावाने आला. लायका या जर्मन कॅमेरा कंपनीने नावाला हरकत घेतल्यावर त्याचा ‘ओएम-१’ झाला. लेन्स सोडून वजन ५१० ग्रॅम. शटरच्या वेगाची कडी माथ्यावर नसून लेन्सच्या मुळाशी, त्यामुळे डोळा न हलवता डाव्या हाताने वेग, ॲपर्चर आणि फोकस तिन्ही सांभाळता येतात. आत पाहावे तर ऐसपैस खिडकी आणि डावीकडे तराजूच्या काट्यासारखा डुलणारा मीटरचा काटा. लुकलुकणारे दिवे नाहीत. आणि मी आधी सांगायला हवे होते ते म्हणजे, गुंडाळण्याची चकती डाव्या टोकाला, स्पष्ट दिसेल अशी.

तरीही खांद्याची संमती घ्यायची होती. पन्नास मिलिमीटरची छोटी लेन्स आणि पट्टा धरून वजन सातशे ग्रॅमच्या घरात जाते, म्हणून मी एका बाटलीत मोजून सातशे मिलिलिटर पाणी भरले आणि ती पिशवीच्या ज्या कप्प्यात कॅमेरा राहणार होता त्या कप्प्यात ठेवून महिनाभर हिंडलो. तिच्यातले पाणी प्यायचे नाही, असा नियम केला होता. तो पाळण्यात मला अडचण आली नाही. अडचण आली कचेरीत. एकदा शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याने न विचारता बाटली उचलली आणि अर्धी रिकामी केली. “अहो, ते पाणी नाही!” असे मी ओरडलो. त्याचा चेहरा एकदम उतरला आणि त्याने घाबरून विचारले, “मग काय आहे?” कॅमेरा आहे, असे उत्तर माझ्या तोंडून गेले. त्यानंतर त्याने पुढे काही विचारले नाही. संध्याकाळी घरी जाताना खांद्याला साडेतीनशे ग्रॅम कमी लागले आणि मला उगाचच कोणी लेन्स पळवल्यासारखे वाटले.

महिन्याअखेरीस खांद्याने तक्रार केली नाही आणि कॅमेरा घरी आला. या कॅमेऱ्याचे मीटर १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या सेलवर बेतलेले आहे. ते सेल आता बनत नाहीत, आणि साधा दीड व्होल्टचा घातला तर काटा आत्मविश्वासाने चुकीचे सांगतो. त्यावर तोड म्हणून अनेक जण त्यात श्रवणयंत्राचा सेल बसवतात. मीही तेच केले. पन्नाशी ओलांडलेल्या यंत्राला श्रवणयंत्राचा सेल लागावा, यात मला काही वावगे दिसले नाही. तो सेल पूर्वसूचना न देता मान टाकतो, तेव्हा मामाचा नियम कामी येतो: कडक उन्हात ॲपर्चर १६ वर आणि शटर रोलच्या वेगाच्या, म्हणजे रोलवर छापलेल्या आकड्याच्या, आसपास, म्हणजे शंभरच्या रोलला १/१२५. सावली आली की ॲपर्चर दोन घरे उघडायचे आणि बाकी देवावर सोडायचे.

एसएलआरची एक गोष्ट मला त्या दुपारपासून छळते आहे. बटण दाबताच आरसा वर उडतो, क्षणभर खिडकीत अंधार होतो, आणि फिल्मवर उमटतो तो नेमका तोच क्षण. म्हणजे जे टिपले जाते, ते टिपणाऱ्याला दिसत नाही. आणि त्याला जे दिसते, ते फोटोच्या अलीकडचे किंवा पलीकडचे असते. मामाने त्या दिवशी चाळीस वेळा हा अंधार पाहिला आणि त्या चाळीस अंधारांच्या पलीकडेही काही नव्हते. मग त्या दिवसाची आजी, पदर सारखा करून बसलेली, माझ्याजवळ इतकी स्वच्छ कशी आहे? यातून काहीतरी निघते आहे असे वाटत असतानाच खुर्चीच्या हातावरची सुई कोपराला टोचली. रक्त पुसेपर्यंत ते जे काही होते, ते निघून गेले आणि नंतर आठवले नाही.

सध्या कॅमेऱ्यात रोल आहे, तेविसावा फोटो झाला आहे आणि चकती फिरते आहे. पाण्याची बाटली मात्र पिशवीतून अजून निघालेली नाही, महिनाभरात हाताला तिची सवय झाली, शिवाय तो सहकारी आता रोज दुपारी येतो आणि “आज पाणी आहे की कॅमेरा?” असे विचारून घोटभर पितो. त्यामुळे दोन्ही मिळून चौदाशे ग्रॅम होतात. मामाचा झेनिट लेन्ससकट याहून हलका होता.