मोरेन सरोवर आणि पावागडची बस

वडोदऱ्याहून धाकट्या भावाकडे कॅनडात आलेलो आम्ही सगळे आज बॅन्फ राष्ट्रीय उद्यानातले मोरेन सरोवर पाहून आलो. सुमारे 1,880 मीटर उंचीवरच्या या सरोवराचे पाणी इतके निळे दिसते, कारण हिमनदी खडकाला घासत सरकताना तयार झालेली अतिसूक्ष्म पूड उन्हाळ्यात वितळलेल्या पाण्याबरोबर वाहत येते, सरोवरात तरंगत राहते आणि प्रकाशातला निळा-हिरवा भाग विखुरते. मागे दहा शिखरांची रांग आहे. एकेकाळी कॅनडाच्या वीस डॉलरच्या नोटेवर छापलेले दृश्य ते हेच.

गर्दी अपार होती. तरीही 2023पासून त्या रस्त्यावर खाजगी मोटारींना बंदी असल्यामुळे बहुतेक लोक आधी आरक्षण करून बसने येतात, आणि ही व्यवस्था मला मनापासून पटली. नवरात्रात आमच्या वडोदऱ्याजवळच्या पावागडला, म्हणजे कालिका मातेच्या डोंगरावर, गाड्या पायथ्याशी ठेवून वर माचीपर्यंत एस.टी.ने जावे लागते, तेव्हा आपल्याकडची मंडळी कुरकुर करतात. पण घाट मोकळा राहतो तो त्या बसमुळेच.

दुपारी आइसफील्ड्स पार्कवे या महामार्गाने बो सरोवरापर्यंत गेलो. तिथे मोटारींना मज्जाव नसल्याने रस्त्याच्या कडेला गाड्यांची रांग लागली होती आणि लोक लहान मुलांना घेऊन त्या धावत्या रस्त्यावरून चालत होते, हे पाहून काळजी वाटली.

पुढच्या उन्हाळ्यात येणाऱ्यांनी मोरेनच्या बसचे आरक्षण घरूनच करावे. तो रस्ता साधारणपणे जूनपासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंतच खुला असतो.