हिल्डेगार्डच्या वाटेवर तीन दिवस

आळंदी ते पंढरपूर मी दोनदा चालले आहे. तिथे दिंडीतला टाळच माणसाला पुढे नेतो. जर्मनीतल्या संत हिल्डेगार्डच्या वाटेवर टाळ नव्हता. ईडार-ओबरश्टाइन ते बिंगेन ही वाट सुमारे 140 किलोमीटरची, पण रजा तीनच दिवसांची, म्हणून डिझिबोडेनबर्गहून निघाले. ‘ज्ञानबा-तुकाराम’ चालू होतं, तेही ओठांतल्या ओठांत.

डिझिबोडेनबर्ग म्हणजे ग्लान आणि नाहे या नद्यांच्या संगमावरची टेकडी. वर मठाचे पडके दगड आणि त्यांत शिरलेली झाडांची मुळं. 1112 साली चौदा वर्षांच्या हिल्डेगार्डला युट्टा नावाच्या तपस्विनीसोबत, देवाला वाहिलेली म्हणून, इथे मठात बंदिस्त केलं गेलं. भिंतीवर तळहात टेकवला तर शेवाळ थंडगार, ओलं लागलं. लहानपणापासून तिला दिव्य प्रकाश दिसायचा. 1141 मध्ये, बेचाळिसाव्या वर्षी, ‘लिही’ अशी आज्ञा झाली तेव्हा कुठे ती लिहायला बसली. सृष्टीतल्या ईश्वरी चैतन्याला ती ‘हिरवेपण’ म्हणायची. ते शेवाळ बघून मला तो शब्द पटला.

दुसऱ्या दिवशी टाचेला फोड आला. वारीत शिकले होते तसा सुई-दोरा ओवला आणि निघाले.

बिंगेनला पोचले. साधारण 1150 मध्ये वीसेक जोगिणींना (नन) घेऊन हिल्डेगार्डने इथल्या रूपर्ट्सबर्गला स्वतःचा मठ उभारला. 1632 मध्ये स्वीडिश सैन्याने तो जाळला. पुढे उरलेसुरले अवशेषही रेल्वेमार्गात गेले.

या मठातली एक गोष्ट वाटभर माझ्या मनात होती. 1178 मध्ये, ती ऐंशीची असताना, एका बहिष्कृत सरदाराला मठात पुरलं होतं. मरण्याआधी चर्चने त्याला परत घेतलं होतं, असं तिचं म्हणणं. माइन्झच्या धर्माधिकाऱ्यांनी प्रेत उकरून टाकायचा हुकूम दिला. तिने नकार दिला. शिक्षा म्हणून मठातलं गाणंच बंद केलं. प्रार्थना फक्त हळू आवाजात वाचायच्या. जिने आयुष्यभर देवासाठी पदं रचली, तिला ही शिक्षा! आमच्या दिंडीत भजन बंद करा म्हटलं तर? तिने खरमरीत पत्र लिहिलं: जे इथे देवाची स्तुती थांबवतात, त्यांना स्वर्गातल्या स्तुतीत जागा नाही. बंदी उठली ती 1179 मध्ये. त्याच वर्षी 17 सप्टेंबरला ती गेली.

होडीने ऱ्हाइन ओलांडून आयबिंगेनला गेले. गावातल्या चर्चमध्ये सोनेरी पेटीत तिच्या अस्थी आहेत. दर 17 सप्टेंबरला ती पेटी मिरवणुकीने निघते, आपल्या पालखीसारखी. मी हात जोडले. मग द्राक्षमळ्यांतून वरच्या मठात चढून गेले. संध्याकाळची प्रार्थना सुरू झाली आणि जोगिणी गाऊ लागल्या. वाद्यांचा गजर नाही, एकच सूर, सावकाश. माझे डोळे भरून आले.

उतरताना मळ्यातून मी ‘ज्ञानबा-तुकाराम’ म्हणत आले, मोकळ्या गळ्याने.