टिचकी

काल दुपारी लाइट गेले आणि इन्व्हर्टर बीप-बीप करू लागला. पडल्या पडल्या मी त्याचा सूर शोधायला लागले. षड्ज, म्हणजे सा, ठरल्याशिवाय कसला सूर म्हणा! तेवढ्यात गल्लीत टेम्पोचा हॉर्न वाजला. त्याला सा धरलं तर इन्व्हर्टर चक्क कोमल गंधारावर. टेम्पो गेला, इन्व्हर्टर पुन्हा बिननावाचा.

31 वर्षं स्वरज्ञान शिकवल्यावर दुसरं काय होणार? कॉलेजात मी 'थ्योरीवाली मॅडम'. गाणाऱ्यांना शाल-श्रीफळ, मला पेपरांचे गठ्ठे. महाराज माधवराव शिंद्यांनी 1918 साली संगीतशास्त्री भातखंड्यांना हाताशी धरून ग्वाल्हेरात संगीताची शाळा काढली, तेव्हापासून या गावात गाण्यालाही खडू-फळा लागतो. त्या खडूवरच माझं पोट. भूप आणि देसकार हे दोन राग, स्वर तेच पाच. भूपाचा वादी, म्हणजे मुख्य स्वर, गंधार; देसकाराचा धैवत. पोरं हे घडाघडा लिहितात. तेच दोन ओळी गाऊन "बोला, कुठला?" विचारलं, की अख्खा वर्ग खिडकीबाहेर बघतो.

माझा कान तयार केला आजीने, आणि तोही माठांवर. चैत्र लागला की ग्वाल्हेरच्या लश्कर भागात रस्त्याकडेला कुंभार बसायचे. आजी एकेका माठाला मधल्या बोटाने टिचकी मारायची, मान जराशी कलती. टण्ण वाजला तर ठेवायचा, बद्द बोलला की परत. "अम्मा, एकदम पक्का है," कुंभार शपथा घ्यायचा. आजी माझ्याकडे वळून म्हणायची, "चीर आहे गं. दिसत नाही, पण आहे." एकदा हट्टाने मी निवडलेला माठ घरी आणला. सकाळी तिवईखाली हे थारोळं! आजी काही बोलली नाही. फडकं तेवढं माझ्या हातात दिलं.

वर्गात एकदा दोन माठ न्यावेत, असं दर उन्हाळ्यात ठरवते. पण मे महिन्यात पोरं कुठली भेटायला.

परवा कानाच्या डॉक्टरांकडे गेले होते. त्यांनी 512 कंपनांचा ट्यूनिंग फोर्क तळहातावर आपटला आणि माझ्या डाव्या कानामागच्या हाडावर टेकवला. "आवाज थांबला की सांगा."

"थांबला," मी म्हटलं.

त्यांनी तोच फोर्क उचलून स्वतःच्या कानामागे टेकवला आणि मान जराशी कलती करून ऐकत राहिले. बराच वेळ.