मलहडर्टचा पडेल उमेदवार

आज डब्लिनमध्ये बसस्टॉपवर शेजारच्या आयरिश आजोबांनी विचारलं, "तुम्ही वराडकरांच्या गावाकडचे का?" म्हटलं, मालवण तालुक्यातलं वराड, आमच्यापासून जवळच. मग काय, आयर्लंडचे माजी पंतप्रधान लिओ वराडकर यांचं पुराण सुरू! १९९९ला डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात डॉक्टरकी शिकता शिकता पोरगा मलहडर्ट या डब्लिनच्या उपनगरातून कौन्सिलला उभा राहिला आणि सपशेल आपटला. २००३ला रिकाम्या झालेल्या जागेवर फिंगल कौन्सिलात वर्णी लागली. २००४च्या कौन्सिल निवडणुकीत मात्र पहिल्या पसंतीची मतं देशात सर्वांत जास्त! २००७ला खासदार. आजोबांनी त्याला कधीच मत दिलं नाही म्हणे, "फारच उजव्या विचारांचा!" पण प्रचाराला दारात आला की वाद घालायला मजा यायची, हे कबूल. आपण भारतीयांनी कौतुक सुरू केलं ते थेट २०१७ला, पंतप्रधान झाल्यावर. मला तर विशीतला तो पडेल उमेदवारच जास्त आवडला.