पाय जमिनीला टेकावेत म्हणून

गेल्या पावसाळ्यात आर्णीहून शाळेकडे जाताना रपट्याच्या, म्हणजे ओढ्यावरच्या बुटक्या पुलाच्या, उतारावर गुरे आडवी आली, म्हणून मी गाडी थांबवली आणि डावा पाय खाली सोडला. पण जिथे तो टेकायला हवा होता तिथे जमीनच लागली नाही. बुटाचे टोक काळ्या चिखलावरून सरकले आणि १९१ किलो वजनाची माझी मोटरसायकल, रॉयल एनफील्ड मेटिओर ३५०, माझ्या डोळ्यांदेखत आडवी झाली. मला थोडे खरचटले, क्लचचा लिव्हर वाकला, आणि गुराख्याच्या मदतीने गाडी उभी करेपर्यंत शाळेची घंटा होऊन गेली होती. त्याच संध्याकाळी मी ठरवले की गाडी विकायची नाही, तिची उंची कमी करून घ्यायची, आणि हे काम माझ्या शिक्षिकेच्या पगारातून चार हजार रुपयांच्या आत बसवायचे.

माझी उंची पाच फूट आहे आणि मेटिओरच्या सीटची उंची ७६५ मिलिमीटर. यजमानांनी गाडी सरळ धरली, मी शाळेचे बूट घालून बसले आणि टाचेखाली वह्यांची चळत रचत गेले. टाच पूर्ण टेकली तेव्हा पट्टीवर चळतीची उंची ४ सेंटिमीटर भरली. हे माप आधी हाती असणे फार महत्त्वाचे ठरले, कारण किती खाली यायचे हे माहीत नसले की मेकॅनिक सांगेल तेवढी गाडी खाली जाते.

पहिल्या गॅरेजमध्ये मला सांगण्यात आले, “मॅडम, स्प्रिंगचे दोन वेढे कापून टाकतो, गाडी आपोआप खाली बसते.” हा उपाय आपल्याकडे सर्रास केला जातो आणि तो स्वस्तही आहे, पण मी त्याला नकार दिला. स्प्रिंगचा कडकपणा तिच्या काम करणाऱ्या वेढ्यांच्या संख्येच्या व्यस्त प्रमाणात असतो. पंधरा वेढ्यांतले दोन कापले तर उरलेली स्प्रिंग सुमारे १५ टक्क्यांनी कडक होते. म्हणजे गाडी खाली येते आणि खड्ड्यांचा मार उलट जास्त बसतो. शिवाय कारखान्यात सपाट घासलेले टोक जाते, त्यामुळे स्प्रिंग तिच्या जागेवर नीट बसत नाही, आणि गॅसने कापल्यास त्या जागेचे पोलादही बिघडते. ज्याला गाडीवरून रोज जायचे आहे त्याने हे करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

खरा विचार मला वहीत गाडीची आकृती काढल्यावर सुचला. मागचे शॉकअप (खड्ड्यांचे धक्के शोषणारे स्प्रिंगचे दांडे) आखूड केल्याने मागच्या चाकाचा एक्सल, म्हणजे आस, जेवढा वर सरकतो तेवढी सीट खाली येत नाही, कारण पुढचे चाक जागेवरच असते आणि गाडी पुढच्या चाकाभोवती झुकते. दोन्ही चाकांमधले अंतर १४०० मिलिमीटर आहे आणि चालवणारा त्याच्या साधारण दोन तृतीयांशावर बसतो. म्हणून मागे २० मिलिमीटर कमी केले की सीटला मिळतात जेमतेम १३. त्याच वेळी इंजिनाखालची १७० मिलिमीटरची मोकळी जागा सुमारे १० ने घटते, आणि आमच्या गावात लोकांनी स्वतः घातलेले गतिरोधक पाहता ही जागा मला मोलाची वाटते. फोममधून काढलेला प्रत्येक मिलिमीटर मात्र पुरता पायाला मिळतो आणि गाडीखालची जागा तशीच राहते. म्हणून मी सुरुवात सीटपासून केली.

सीट कव्हरवाल्या काकांनी फोम वरून २५ मिलिमीटर उतरवला, त्याहून महत्त्वाचे म्हणजे मांड्यांच्या जागी दोन्ही कडा गोल करून सीट पुढे अरुंद केली. पाय बाहेर फाकण्याऐवजी सरळ खाली येऊ लागले. नवे रेक्झिन धरून सहाशे रुपये लागले. फोम याहून पातळ केला तर तासाभराच्या प्रवासात खालचा पत्रा टोचतो, हे त्यांनी आधीच सांगितले होते आणि मी ते मानले.

उरलेल्यासाठी २० मिलिमीटर आखूड अशी वापरलेली शॉकअपची जोडी अठराशे रुपयांत मिळाली. बोल्टच्या भोकांचे माप जुळत नव्हते, म्हणून लेथवर पोलादी बुश करून घेतले. बसवण्यापूर्वी मी एक तपासणी आग्रहाने करवून घेतली: स्प्रिंग काढलेले शॉकअप लावून चाक हाताने शेवटपर्यंत वर दाबायचे आणि टायर मडगार्डला किंवा चेन चिमट्याला (मागचे चाक धरणाऱ्या लोखंडी भागाला) घासत नाही ना, हे पाहायचे. शॉकअप आखूड असले आणि आतला दांडा मात्र पहिल्याइतकाच चालत असला, तर टायर पूर्वीपेक्षा वर जातो; स्प्रिंग लावलेली असताना हे कोणाच्या लक्षात येत नाही, ते येते ते दोघे बसून खड्ड्यात आदळल्यावर.

त्यानंतरची कामे लहान होती, पण टाळण्यासारखी नव्हती. गाडी खाली आल्याने साइड स्टँडवर ती जवळजवळ सरळ उभी राहू लागली आणि शाळेच्या मैदानातल्या वाऱ्याने उजवीकडे कलली असती, म्हणून स्टँड खोलून १२ मिलिमीटर कापून जोडला. वेल्डिंग गाडीवर न करता सुटा स्टँड काढूनच करावे, म्हणजे इंजिनाच्या इलेक्ट्रॉनिक्सला धोका राहत नाही. चेनचा ताण मी बसलेली असताना पुन्हा लावला. पुढच्या बाजूचा कोन एक अंशापेक्षाही कमी बदलला, हँडल किंचित संथ वाटते इतकेच. पण तेवढ्याच कोनाने हेडलाइटचा झोत ३० मीटरवर सुमारे ४३ सेंटिमीटर वर गेला होता. रात्री समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांवर तो पडू नये म्हणून भिंतीवर खूण करून दिवा खाली घेतला.

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही. म्हणून मी चासी, चिमटा वा त्यावरची पकड यांपैकी कशालाही हात लावू दिला नाही, आणि मूळ शॉकअप तेल लावून, कापडात गुंडाळून कपाटात ठेवले आहेत.

आता दोन्ही टाचा टेकतात. पोळ्याच्या दिवशी यजमान आणि मी दोघे गाडीवर निघण्यापूर्वी मडगार्डच्या आतून मी वर्गातल्या खडूने जाड रेघ ओढली होती. आर्णीला जाऊन, तोच रपटा दोनदा ओलांडून परत आल्यावर बॅटरीच्या उजेडात पाहिले, तेव्हा रेघ एका टोकाला बोटभर पुसलेली होती, म्हणजे टायर तिथे घासला होता. म्हणून चाक तेवढे वर जाऊ नये यासाठी परवा शॉकअपच्या दोन्ही दांड्यांवर, चाल अडवणाऱ्या रबरी बंपच्या वर ६ मिलिमीटरचे वायसर चढवले आणि खडूची नवी रेघ ओढली.